प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आमच्या ह्यांना सहा वर्षांपासून सोरायसिस आहे. वय ४१. तासगावजवळ आमचं किराणा दुकान आहे. दोन्ही कोपरं, गुडघे, डोकं आणि कमरेच्या मागे चट्टे आहेत. मागे सांगलीच्या स्किनच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती, त्याने अंग स्वच्छ झालं. म्हणून आम्ही गोळी बंद केली. चारेक महिन्यांत पुन्हा त्याच जागी, अगदी त्याच आकाराचे चट्टे आले. डॉक्टर म्हणतात, प्रतिकारशक्ती जास्त झालीय, ती दाबावी लागते. आमचे थोरले दीर म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी झाल्याशिवाय रोग होतच नाही; ते रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात. गेल्या महिन्यापासून गोळी आणि काढा दोन्ही चालू आहे. वैशाखात पुतणीचं लग्न आहे, त्यासाठी गावातले एक डॉक्टर "इंजेक्शन मारू, पंधरा दिवसांत साफ" म्हणतात. दुकानात काही गिऱ्हाइकं ह्यांच्या हातात पैसे न देता काउंटरवर ठेवतात. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही होईल का? आता नवीन महागडी इंजेक्शनं निघालीत म्हणे, त्यासाठी दागिने मोडावेत का? कोणाचं ऐकावं कळत नाही.

— एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

दोन गोष्टी आधी सांगतो, कारण त्या थांबण्यासारख्या नाहीत. काढा आजपासून बंद करा. आणि ते पंधरा दिवसांत साफ करणारं इंजेक्शन अजिबात घेऊ देऊ नका. कारणं पुढे येतीलच, पण तोवर उद्याचा काढा उकळायला नको.

आता घरातल्या वादाकडे वळू. दिरांचं चुकलंय. डॉक्टरांचं बरोबर आहे, पण ओपीडीच्या गर्दीत एका वाक्यात उरकल्यामुळे ते तुमच्यापर्यंत अर्धवट पोचलं. प्रतिकारशक्ती म्हणजे एकच कमी-जास्त होणारी गोष्ट नव्हे. ती कितीतरी प्रकारच्या पेशींची मिळून होते. सोरायसिसमध्ये त्यातला एक ठरावीक गट ठरावीक जागी कामाला लागतो आणि थांबायचं नाव घेत नाही. बाकीची प्रतिकारशक्ती आपलं नेहमीचं काम करत असते.

याचा पुरावा तुमच्या घरातच आहे. यजमानांचं कोपर एकदा उजेडात बघा. चट्ट्याची कड कशी आखून दिल्यासारखी असते. वर पांढरी, चांदीची झाक असलेली खपली. ती नखाने काढली तर कोरडा भुसा पडतो, त्याखाली पातळ ओलसर पापुद्रा असतो, आणि तोही निघाला तर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब वर येतात. (खरवडून बघू नका, मी लिहिलंय तेवढं पुरे.) तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून, लांब होऊन अगदी पृष्ठभागाजवळ आलेल्या असतात, म्हणून हे थेंब. इतकी भेगाळलेली कातडी, तीही दिवसभर पीठ, मिरची आणि पोत्यांच्या धुळीत. तिच्यात कधी पू झाला? बहुधा नाही. लहान मुलांना होणाऱ्या एक्झिमाशी ताडून बघा. त्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू सहज घर करतात आणि वरचेवर चिघळतं. सोरायसिसच्या चट्ट्यात मात्र जंतूंना मारणारी प्रथिनं गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होत असतात. प्रतिकारशक्ती कमी असती तर हे कोपर केव्हाच चिघळलं असतं.

मग आत चाललंय काय? आपल्या त्वचेत टी पेशी नावाच्या संरक्षक पेशी साधारण २,००० कोटी असतात, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. म्हणजे कातडी हे नुसतं वेष्टन नव्हे, तिथे कायमचा पहारा असतो. या पहाऱ्यात डेंड्रायटिक पेशीही असतात. बाहेरचं काही शिरलं की ते टिपायचं आणि टी पेशींना खबर द्यायची, हे त्यांचं काम. यातला एक प्रकार पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. डेंड्रायटिक पेशींचं खरं काम शोधणारे राल्फ स्टाइनमन यांना २०११ मध्ये नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते आणि समितीला पत्ताच नव्हता.

असो. जन्मजात कल असलेल्या माणसाच्या त्वचेला साधं खरचटतं, किंवा घशाला जंतुसंसर्ग होतो. त्वचेच्या काही पेशी फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर पडतो आणि त्वचेतल्याच एका जंतुनाशक प्रथिनाला चिकटतो. या जोडीला डेंड्रायटिक पेशी फसतात. त्यांना वाटतं विषाणू आला. त्या इंटरल्यूकिन-२३ नावाचा संदेश सोडतात. त्याने टी पेशींचा एक गट जागा होतो आणि इंटरल्यूकिन-१७ सोडू लागतो. हा दुसरा संदेश त्वचेच्या वरच्या थराला मिळाला की तो दोन गोष्टी करतो. एक, भराभर नव्या पेशी तयार करतो: जी पेशी तळातून वर येऊन गळून पडायला महिनाभर घेते ती आठवड्याच्या आतच वर येते, अर्धवट पिकलेली, आणि खपलीत साचते. दुसरं, रक्तातून आणखी पेशी बोलावून घेतो. त्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी असतात, आणखी डेंड्रायटिक पेशी असतात, आणि त्या पुन्हा इंटरल्यूकिन-२३ सोडतात. मूळ खरचटणं केव्हाच भरून आलेलं असतं, पण हे चक्र आता स्वतःच स्वतःला फिरवत राहतं.

या सगळ्याच्या मागे टी पेशी आहेत हे कळलं ते योगायोगाने. तोवर बहुतेक डॉक्टर दोष वरच्या थरालाच देत: पेशी फार वेगाने वाढतात, तो वेग कमी करा. १९७९ मध्ये म्यूलर आणि हेरमान या दोघांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहिलं. सांधेदुखीसाठी सायक्लोस्पोरिन दिलेल्या रुग्णांचं सोरायसिसही निवळलं, असं त्यात होतं. सायक्लोस्पोरिन हे बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून वापरलं जाणारं औषध, टी पेशींना गप्प करणारं. पुढे असंही दिसलं की रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवली तर काही रुग्णांचा जुना सोरायसिस नाहीसा होतो. आणि देणाऱ्याला सोरायसिस असेल तर क्वचित घेणाऱ्याला तो नव्याने होतो. कातडी तीच, पेशी बदलल्या की रोग बदलला.

आता तुमच्या पत्रातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो तुम्ही जाता जाता लिहिलाय: चट्टे त्याच जागी, त्याच आकाराचे परत आले. लोक यावरून म्हणतात, औषधाने रोग फक्त दाबला, मुळातून गेला नाही. तसं म्हणायला हरकत नाही, पण मूळ कुठे आहे ते तरी बघू. औषधाने लालसरपणा गेला, खपली गेली, बोलावून आणलेल्या पेशी निघून गेल्या. पण काही टी पेशी तिथेच मुक्काम ठोकून राहतात. त्या रक्तात परत जात नाहीत, आणि त्यांना मागचं सगळं आठवत असतं. गावात एकदा दरोडा पडला की रात्रीची गस्त बसते. दरोडेखोर पकडले जातात, वर्ष उलटतं, गस्त काही उठत नाही. मग उशिराच्या एसटीने उतरलेला गावातलाच पाहुणा मार खातो. तुमच्या यजमानांच्या कोपरावरची स्वच्छ दिसणारी कातडी अशी गस्तीतली आहे.

हे नुसतं अनुमान नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शास्त्रज्ञांनी सोरायसिसच्या रुग्णांची चट्टा नसलेली, दिसायला निरोगी त्वचा घेतली आणि स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या उंदरांवर ती बसवली. रुग्णाचं रक्त नाही, बाहेरून कसली चिथावणी नाही. तरी त्या तुकड्यावर सोरायसिस उमटला. त्वचेसोबत आलेल्या टी पेशी तिथेच वाढल्या आणि तेवढ्या पुरल्या.

म्हणून गोळी बंद केल्यावर रोग परतला याचा अर्थ गोळी वाया गेली असा नव्हे, आणि यजमानांनी पथ्य मोडलं असाही नव्हे. बीपीची गोळी सोडल्यावर बीपी वाढलं तर आपण गोळीला नावं ठेवत नाही. अंग स्वच्छ झालं म्हणजे उपचार संपला असं धरू नका. डोस कमी कधी करायचा, किती करायचा, मध्ये थांबायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

ती आठवड्याची गोळी बहुधा मेथोट्रेक्सेट असेल. स्ट्रिपवर नाव वाचा. जुनं औषध आहे; अमेरिकेत सोरायसिससाठी तिला १९७२ मध्ये मान्यता मिळाली. पूर्वी वाटायचं की ती त्वचेच्या वाढीला आवर घालते. आता कळलंय की या छोट्या डोसमध्ये तिचा मुख्य परिणाम या चिडलेल्या संरक्षक पेशींवरच होतो. स्वस्त आहे, चांगली आहे, पण एका चुकीला ती माफ करत नाही. आठवड्याची गोळी रोज घेतली तर अस्थिमज्जा बंद पडते, तोंड सोलवटतं, आणि माणूस दगावू शकतो. हे कागदावरचं भय नाही, दवाखान्यात अशा केस येतात. वार ठरवा, म्हणजे दुकानाच्या सुट्टीचा वार लक्षात राहायला बरा. कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा आणि गोळी घेतली की फुली मारा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी असते. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, आणि दोन्ही स्ट्रिपा एका डब्यात ठेवू नका. तोंडात फोड आले, ताप आला, कारण नसताना अंगावर निळे डाग दिसले किंवा कोरडा खोकला आणि दम लागला, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा. रक्ताची तपासणी सांगितलेल्या वेळी करा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी अँटिबायोटिक किंवा दुखण्याच्या गोळ्या दिल्या तर आधी त्यांना सांगा की मेथोट्रेक्सेट चालू आहे. को-ट्रायमॉक्साझोल नावाचं अँटिबायोटिक तर तिच्यासोबत चालतच नाही. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तोही आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. दारू बंद.

काढा थांबवायचा तो यासाठी. गोळीचा भार यकृतावर पडतो. आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी, गुळवेल घेत असलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यातली इजा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तशा प्रकारची होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद तज्ज्ञांना करू द्या. पण ज्या माणसाच्या टी पेशी आधीच चवताळलेल्या आहेत त्याला प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी रोज काही पाजायचं, तेही यकृताला जड जाणाऱ्या गोळीसोबत, यात मला शहाणपणा दिसत नाही. उद्या रिपोर्ट बिघडला तर दोष गोळीचा की काढ्याचा हेही कळणार नाही. दिरांची माया खरी आहे. त्यांना सकाळी यजमानांना सोबत घेऊन फिरायला जायला सांगा. वजन जास्त असेल तर ते उतरल्याने औषध अधिक लागू पडतं, आणि सकाळचं कोवळं ऊन बहुतेकांच्या चट्ट्यांना मानवतं. बिडी-सिगारेट असेल तर ती सोडवायची जबाबदारीही दिरांवरच टाका.

लग्नाआधीचं ते इंजेक्शन जवळपास नक्की स्टेरॉइडचं असणार. पंधरा दिवसांत साफ होईल हे खोटं नाही, आणि धोका तिथेच आहे. स्टेरॉइड सगळ्या पेशींना एकदम गप्प बसवतं. त्याचा असर उतरला की त्या दुप्पट जोराने उठतात. चार चट्ट्यांचा सोरायसिस अंगभर पसरलेला, किंवा त्वचेच्या वरच्या थरात न्यूट्रोफिल साचून सगळीकडे पिवळे फोड आलेला मी पाहिलाय. अशा माणसाला ॲडमिट करावं लागतं, कारण लाल झालेल्या त्वचेतून पाणी आणि उष्णता दोन्ही निघून जातात. वैशाखातल्या मांडवात साफ अंगाने मिरवायचं आणि ज्येष्ठात दवाखान्यात पडायचं, हा सौदा नको. लावायची स्टेरॉइड मलमं वेगळी. स्किनच्या डॉक्टरांनी जागा, प्रमाण आणि मुदत सांगून दिली असतील तर बिनधास्त लावा. मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेली, तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब मात्र नको.

महागडी इंजेक्शनं म्हणजे बायोलॉजिक. मघाशी सांगितलेल्या चक्रातला एकेक संदेश ती अडवतात: कुणी टीएनएफ नावाचा आणखी एक संदेश अडवतं, कुणी इंटरल्यूकिन-१७, कुणी २३. एकच संदेश अडवल्यावर अंग स्वच्छ होतं, यावरूनच हा रोग सगळ्या प्रतिकारशक्तीचा नाही हे दिसतं. पण प्रत्येक संदेशाचं शरीरात दुसरंही काम असतं. इंटरल्यूकिन-१७ अडवलं तर तोंडात, जांघेत कँडिडा बुरशी होऊ शकते, कारण तिला रोखायचं काम त्याचंच. टीएनएफ अडवलं तर लपलेला टीबी उठू शकतो. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या छातीत टीबीचे जंतू झोपलेले असतात आणि त्यांना कोंडून ठेवणाऱ्या पेशींना टीएनएफ लागतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झाल्याशिवाय ही इंजेक्शनं सुरू करायची नसतात. भारतात ती पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. बंगळुरूच्या बायोकॉनचं इटोलिझुमॅब २०१३ मध्ये आलं, अहमदाबादच्या झायडसने २०१४ मध्ये अ‍ॅडॅलिमुमॅबची स्वस्त आवृत्ती आणली. तरीही दागिने मोडू नका. मेथोट्रेक्सेटने यजमानांचं अंग एकदा स्वच्छ झालेलं आहे. ती नीट, पुरेसा काळ घेऊन बघितल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं कारण नाही. शिवाय हीसुद्धा बंद केली की तीच गस्त बहुतेकदा परत जागी होते, म्हणजे खर्च एकदाचा नाही. मधली पायरी यूव्हीबी प्रकाशाच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या उपचारांची आहे. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात त्वचारोग विभागात त्याची चौकशी करा.

पण माझं हे मत एका गोष्टीने बदलेल. यजमानांची बोटं, टाच किंवा कंबर सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडते का? एखादं बोट अख्खं सुजतं का? नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का? याच पेशी सांध्यांतही उद्योग करतात आणि तिथे झालेलं नुकसान भरून येत नाही. दुकानात पोती उचलणारा माणूस टाचदुखी उभं राहण्यावर ढकलतो, तसं करू नका. सांधे धरले असतील तर भारी इंजेक्शनाचा विचार लवकर करावा लागतो, आणि तेव्हा पैशांचा हिशेब वेगळा.

दुकानावरून आठवलं, काउंटरवर कोपरं टेकवून बसायची सवय आहे का? १८७० च्या दशकात ब्रेस्लाऊ शहरातल्या हाइनरिख कोबनर या डॉक्टरांनी एक रुग्ण नोंदवला. त्याला घोडा चावला होता तिथे आणि गोंदलं होतं तिथे नेमका सोरायसिस उमटला. घासलं, दाबलं, खरचटलं की तिथे चट्टा येतो हे तेव्हापासून माहीत आहे. काउंटरवर जाड मऊ कापड टाका, कमरेचा पट्टा सैल ठेवा, डोक्यातला कोंडा कंगव्याने खरवडून काढू नका. आदल्या रात्री तेल लावून मऊ करा. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं, रोज, चट्टे नसले तरी.

गिऱ्हाइकांना काय सांगायचं? हा रोग जंतूंचा नाही, स्पर्शाने होत नाही. सहा वर्षं एका घरात राहून तुम्हाला झाला नाही, याहून मोठा दाखला कोणता? जे विचारतील त्यांना हे सांगा, जे विचारत नाहीत त्यांच्या मागे लागू नका. मुलीला रोग नाही, फार तर कल मिळतो. ज्या जनुकाचा सोरायसिसशी सगळ्यात जवळचा संबंध आहे ते अंगात असलेल्या बहुतेकांना हा रोग आयुष्यात होत नाही. तिचा घसा वरचेवर सुजून ताप येत असेल तर वेळेवर दाखवत जा, कारण स्ट्रेप्टोकोकसच्या घशानंतर कल असलेल्या मुलांच्या अंगावर थेंबांसारखे बारीक चट्टे उठू शकतात. तिच्या बाबतीत एवढंच. रोज तिची कोपरं तपासू नका.

राहिलं लग्न. गोळी गेल्या महिन्यात सुरू झालीय, वैशाखाला अजून तीनेक महिने आहेत. मेथोट्रेक्सेटचा पूर्ण असर दिसायला साधारण तेवढेच लागतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगा, म्हणजे त्या हिशेबाने डोस आणि डोक्यासाठी लोशन ठरवता येईल. जाताना रक्ताचे जुने रिपोर्ट न्या, काढा किती दिवस पोटात गेलाय तेही न लपवता सांगा, आणि शक्य असेल तर दिरांनाही बरोबर न्या.